एक रिसिव्हर, अनेक प्रोग्राम: संगणकावर जीपीएसची माहिती वाटून घेण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावशिवाराचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये भरणारा विद्यार्थी, बोटीवर ओपनसीपीएन हा सागरी नकाशांचा प्रोग्राम उघडून बसलेला खलाशी आणि हॅम रेडिओवरून आपले स्थान प्रसारित करणारा हौशी या तिघांची अडचण बहुधा एकच असते. लॅपटॉपला रिसिव्हर एकच जोडलेला असतो आणि त्याची माहिती मात्र दोन-तीन प्रोग्रामना एकाच वेळी हवी असते. येथील उत्तरे प्रामुख्याने विंडोज आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहेत. 'जीपीएस' हा शब्द येथे रूढ अर्थाने वापरला आहे. त्यात रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपली नाविक या उपग्रह प्रणालीही आल्या.

एक प्रोग्राम चालू असताना दुसऱ्याला जीपीएस का मिळत नाही?

बाजारात मिळणारे बहुतेक रिसिव्हर, यूएसबीने जोडायचे असोत वा ब्लूटूथने, संगणकाला सिरीयल पोर्ट म्हणूनच दिसतात. विंडोजवर त्यांना 'कॉम ५' असे नाव मिळते, तर लिनक्सवर यूएसबीवाल्यांना 'टीटीवाययूएसबी०' किंवा 'टीटीवायएसीएम०' असे. सिरीयल पोर्टची कल्पनाच मुळी तारेच्या दोन टोकांना दोनच यंत्रे असतील असे धरून झालेली आहे. विंडोज ही अट काटेकोरपणे पाळते. ज्या प्रोग्रामने पोर्ट आधी उघडला तो बंद करेपर्यंत इतरांना प्रवेश नाकारल्याचा संदेश मिळतो.

लिनक्सवरील परिस्थिती अधिक फसवी आहे. तेथे दुसराही प्रोग्राम तोच पोर्ट सहसा उघडू शकतो, पण आलेला प्रत्येक बाइट जो आधी वाचेल त्याच्याकडे जातो आणि दुसऱ्याच्या हाती लागत नाही. त्यामुळे एकाच ओळीचा काही भाग एका प्रोग्रामकडे आणि उरलेला दुसऱ्याकडे पोहोचतो, दोघांचेही चेकसम (ओळ अखंड आली का ते तपासण्याचे आकडे) जुळत नाहीत, आणि दोन्ही प्रोग्राम मधूनमधून स्थान हरवल्यासारखे वागतात. त्रुटीचा संदेश कोठेच दिसत नसल्याने दोष अँटेनाला किंवा ढगाळ हवेला दिला जातो. म्हणून लिनक्सवर स्थान अधूनमधून गायब होत असेल, तर अँटेना हलवण्याआधी तो पोर्ट किती प्रोग्रामनी उघडला आहे ते पाहावे.

रिसिव्हर नेमके काय पाठवतो?

बहुतेक रिसिव्हर 'एनएमईए ०१८३' या प्रमाणानुसार साध्या मजकुराच्या ओळी पाठवतात. अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने हे प्रमाण जहाजांवरील उपकरणांसाठी तयार केले, आणि जमिनीवरच्या रिसिव्हरांनीही ते उचलले. प्रत्येक ओळ, म्हणजे या प्रमाणाच्या भाषेत प्रत्येक वाक्य, डॉलर चिन्हाने सुरू होते, त्यातले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात आणि शेवटी तारका चिन्हानंतर दोन अक्षरांचा चेकसम येतो. आरएमसी या वाक्यात वेळ, तारीख, स्थान, वेग आणि दिशा असते. जीजीएमध्ये स्थानाबरोबर उंची व फिक्सचा, म्हणजे उपग्रहांवरून निश्चित झालेल्या स्थानाचा, दर्जा. जीएसव्हीमध्ये आकाशात दिसणाऱ्या उपग्रहांची यादी.

यातले तीन रकाने चुकीचे वाचले जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ते नीट समजून घ्यावेत. वेळेच्या रकान्यात ०७३०१५ असे आकडे आले तर ती जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतात तेव्हा दुपारचा १ वाजून १५ सेकंद झालेले असतात. वेग नॉटमध्ये असतो, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सर्वांत घातक गफलत अक्षांश-रेखांशांची होते. पुण्याचा अक्षांश या वाक्यात १८३१.२ असा येतो, म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटे, आणि दशांश अंशांत तो १८.५२ होतो. हेच आकडे कोणी १८.३१२ असे वाचले आणि ०७३५१.४ हा रेखांशही ७३.५१४ असा घेतला, तर पुण्यातला बिंदू सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला आणि ३६ किलोमीटर पश्चिमेला सरकून तोरण्याच्या पलीकडे सह्याद्रीच्या डोंगरांत जाऊन पडतो. अशी चूक लगेच लक्षात येतेच असे नाही, कारण गाडी चालली की बिंदूही चालतो आणि वळणेसुद्धा साधारण ओळखीची वाटतात.

माहिती वाटून घेण्याचे मार्ग कोणते?

प्रत्यक्षात तीन मार्ग चालतात. पहिल्यात एक प्रोग्राम खरा पोर्ट उघडतो आणि आलेले बाइट जसेच्या तसे अनेक आभासी पोर्टवर ओततो. दुसऱ्यात पार्श्वभूमीवर चालणारा एक सर्व्हर रिसिव्हरचा ताबा घेतो आणि बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे नेटवर्क जोडणीने माहिती मागतात. तिसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची स्थानसेवा मध्ये असते. तिन्हींतले तत्त्व एकच: रिसिव्हरशी बोलणारा एकच असावा आणि इतरांनी त्याच्यामार्फत माहिती घ्यावी. मार्ग निवडताना आपला प्रोग्राम काय स्वीकारतो ते आधी पाहावे लागते. पंधरा वर्षांपूर्वीच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरला बहुधा कॉम पोर्टच समजतो, आणि त्याला आभासी पोर्टवाचून पर्याय नसतो.

जीपीएसडी म्हणजे काय, आणि तो इतका का वापरला जातो?

जीपीएसडी हा मुक्त स्रोत असलेला सर्व्हर आहे. त्याचा उगम १९९०च्या दशकातला असून पुढे एरिक रेमंड यांच्या नेतृत्वाखाली त्याची मोठी पुनर्रचना झाली. तो रिसिव्हरचा पोर्ट उघडतो, बॉड दर, म्हणजे पोर्टवरून माहिती येण्याचा वेग, स्वतःच शोधतो, एनएमईएप्रमाणेच अनेक कंपन्यांच्या बायनरी भाषाही ओळखतो आणि टीसीपीच्या २९४७ क्रमांकाच्या पोर्टवर जेसन या मजकुराच्या प्रमाण स्वरूपात एकसारखी माहिती देतो. क्यूजीआयएस, वायफाय जाळ्यांचे सर्वेक्षण करणारा किस्मेट, हॅम मंडळींचा डायरवुल्फ, आकाशदर्शनाचा स्टेलेरियम असे अनेक प्रोग्राम त्याच्याशी थेट बोलतात.

त्याचा खरा लाभ भाषांतराचा आहे. रिसिव्हर बदलला तरी प्रोग्रामला पत्ता लागत नाही. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत येतात, वेग मीटर प्रति सेकंदात, वेळ प्रमाण स्वरूपात, आणि प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणत्या उपकरणाकडून आली याचे नावही येते. नोंदीतील 'मोड' हा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. तेथे १ असेल तर फिक्स नाही, २ असेल तर केवळ क्षैतिज स्थान ठाऊक आहे, आणि ३ असेल तर उंचीही ठाऊक आहे.

नव्याने वापरणाऱ्यांना एक गोष्ट चकवते. कोणीही माहिती मागत नसेल तेव्हा जीपीएसडी पोर्ट उघडतच नाही. रिसिव्हर जोडून तासभर झाला, तरी पहिला प्रोग्राम सुरू होईपर्यंत त्याने काहीच वाचलेले नसते. ही रचना वीज वाचवण्यासाठी आहे. पण घड्याळ जुळवण्यासाठी किंवा प्रवासाची सलग नोंद ठेवण्यासाठी तो वापरायचा असेल, तर वाट न पाहता लगेच पोर्ट उघडण्याचा पर्याय द्यावा लागतो. लिनक्सवर 'पोर्ट उघडण्याची परवानगी नाही' असा अनुभव आल्यास वापरकर्ता 'डायलआउट' गटात आहे का तेही पाहावे. डेबियन आणि उबुंटूवर नव्या वापरकर्त्यांच्या बहुतेक तक्रारी याच एका कारणाने निघतात.

विंडोजवर आभासी पोर्ट कसे वापरावेत?

कॉम-झीरो-कॉम हा मुक्त स्रोत ड्रायव्हर आभासी पोर्टच्या जोड्या तयार करतो. जोडीतील एका पोर्टवर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. त्याच्या जोडीचा हब-फोर-कॉम हा प्रोग्राम खऱ्या पोर्टवरून वाचून प्रत्येक जोडीच्या एका टोकावर लिहितो, आणि आपले नकाशाचे प्रोग्राम दुसऱ्या टोकांना जोडायचे असतात. हे जमत नसेल तर जीपीएसगेटसारखी याच कामासाठी तयार केलेली व्यापारी उत्पादनेही आहेत, ज्यांत खिडकीवर चार खुणा करून काम भागते.

अडचणी बहुधा दोन ठिकाणी येतात. ६४-बिट विंडोज डिजिटल स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही, म्हणून स्वाक्षरी असलेली आवृत्तीच घ्यावी. त्यासाठी विंडोजची सुरक्षा शिथिल करण्याचा सल्ला कोठे मिळाला तर तो मानू नये. दुसरे म्हणजे, काही जुने प्रोग्राम कॉम ९च्या पुढचे पोर्ट ओळखतच नाहीत, त्यामुळे आभासी पोर्टना शक्यतो लहान क्रमांक द्यावेत.

विंडोजची स्वतःची स्थानसेवा असताना हा खटाटोप कशासाठी?

विंडोज ७पासून ऑपरेटिंग सिस्टीममध्ये स्थानसेवा आहे आणि ती मागणाऱ्या कितीही प्रोग्रामना एकाच वेळी स्थान देते. मात्र सिरीयल पोर्टवर एनएमईए पाठवणारा साधा रिसिव्हर त्या सेवेला आपोआप दिसत नाही. त्यासाठी सेन्सर म्हणून नोंदवणारा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर सेवा आजूबाजूच्या वायफाय जाळ्यांवरून किंवा इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाज बांधते. शहरात हा अंदाज बरा निघतो, पण जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्यावर तो कित्येक किलोमीटर चुकू शकतो.

उलट प्रकारही घडतो. काही यूएसबी रिसिव्हर जोडताच विंडोज त्यांना सेन्सर म्हणून नोंदवते आणि कॉम पोर्ट तयारच होत नाही. मग कॉम पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रामला रिसिव्हर नाहीच असे वाटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या उपकरणासाठी सेन्सरऐवजी यूएसबी सिरीयलचा ड्रायव्हर हाताने निवडला की पोर्ट दिसू लागतो.

लिनक्सवरील ब्राउझर आणि हवामानाचे ॲप जीपीएसडीकडून स्थान घेतात का?

साधारणपणे नाही. डेस्कटॉपवरील असे प्रोग्राम बहुधा जिओक्लू या वेगळ्या सेवेकडे विचारणा करतात. ती सेवा बराच काळ मोझिलाच्या वायफाय-आधारित स्थानसेवेवर अवलंबून होती, आणि मोझिलाने ती सेवा २०२४मध्ये बंद केली. त्यामुळे अनेकांच्या संगणकावर स्थान अचानक मिळेनासे झाले. जिओक्लू स्थानिक नेटवर्कवरील एनएमईए स्रोतही वाचू शकते, म्हणून ज्यांच्याकडे रिसिव्हर आहे त्यांना ती वाट मोकळी आहे.

नुसते अक्षांश-रेखांश पुढे पाठवले तर काय बिघडते?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, कारण स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांत हीच चूक वारंवार दिसते. रिसिव्हरकडून आलेल्या वाक्यातून दोन आकडे काढायचे, ते एखाद्या फाइलमध्ये लिहायचे आणि बाकीच्यांनी ती फाइल वाचायची, अशी सोय पाच मिनिटांत उभी राहते आणि सुरुवातीला छान चालते.

आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण बोगद्यात गाडी शिरल्याची कल्पना करावी. रिसिव्हरला उपग्रह दिसेनासे होतात. आरएमसी वाक्यातील स्थितीचा रकाना 'ए' या अक्षरावरून 'व्ही'वर जातो, म्हणजे ही माहिती ग्राह्य धरू नका असे रिसिव्हर स्पष्ट सांगतो, पण काही रिसिव्हर त्याच वाक्यात शेवटचे ठाऊक असलेले अक्षांश-रेखांशही पाठवत राहतात. फाइल वाचणाऱ्याला स्थितीचा रकाना दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने गाडी बोगद्याच्या तोंडाशी स्तब्ध उभी असते, आणि मग एका क्षणात दुसऱ्या टोकाला उडी मारते. प्रवासाच्या नोंदीत हे खपून जाईल. पण त्या नोंदीवरून वेग काढला, किंवा छायाचित्रांना स्थाने चिकटवली, किंवा बोटीवर त्याच आकड्यांवरून स्वयंचलित सुकाणू चालवले, तर चूक कागदावर राहत नाही.

म्हणून स्थान पुढे देताना त्याबरोबर निदान चार गोष्टी द्याव्यात: ते स्थान कोणत्या क्षणाचे आहे, ते ग्राह्य आहे की नाही, अंदाजे अचूकता किती आहे, आणि ते कोणत्या रिसिव्हरकडून आले. घेणाऱ्यानेही वेळ तपासावी आणि ठरावीक सेकंदांपेक्षा जुनी माहिती 'स्थान उपलब्ध नाही' अशी दाखवावी. पडद्यावर रिकामी जागा दिसणे वापरणाऱ्याला आवडत नाही, हे खरे. तरीही चुकीच्या बिंदूपेक्षा ती रिकामी जागा अधिक उपयोगाची असते. सबंध वाक्य जसेच्या तसे पुढे पाठवणे किंवा जीपीएसडी वापरणे यांत ही काळजी बऱ्याच अंशी आपोआप घेतली जाते.

स्थान काही सेकंद मागे का पडते?

एनएमईए ०१८३चा मूळ वेग ४८०० बॉड आहे. एका अक्षराला सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर ४८० अक्षरे जातात. केवळ जीपीएसचे उपग्रह पाहणाऱ्या रिसिव्हरला एवढे पुरत असे. आज तीन-चार प्रणालींचे मिळून ३० उपग्रह दिसत असतील, तर एका जीएसव्ही वाक्यात चारच उपग्रह मावत असल्याने नुसत्या त्या यादीलाच निदान आठ वाक्ये आणि साधारण ५०० अक्षरे लागतात. सेकंदाचे बोलणे सेकंदात संपत नाही आणि स्थान मागे पडत जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, त्यामुळे तीन सेकंदांचा उशीर म्हणजे पन्नास मीटरची चूक.

उपाय सोपा आहे. रिसिव्हरचा बॉड दर ३८४०० किंवा ११५२०० करावा, अथवा अनावश्यक वाक्ये बंद करावीत. यूएसबीवरून थेट बोलणाऱ्या रिसिव्हरांना हे बंधन जाणवत नाही, मात्र त्यांची माहिती पुढे एखाद्या ४८०० बॉडच्या जुन्या उपकरणाला द्यायची असेल तर तेथे कोंडी होतेच.

एकच रिसिव्हर असूनही दोन प्रोग्राम वेगळे स्थान का दाखवतात?

आधी प्रत्येक प्रोग्राम किती दशांश दाखवतो ते पाहावे. अंशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर, तर तिसरा म्हणजे शंभर मीटरच्या आसपास. काही प्रोग्राम मागील काही स्थानांची सरासरी काढून बिंदू स्थिर दाखवतात, आणि त्यामुळेही फरक पडतो. तिसरे कारण भूसंदर्भाचे, म्हणजे पृथ्वीचा कोणता गणिती आकार (विवृत्ताभ) धरून अक्षांश-रेखांश मोजले याचे आहे. रिसिव्हर डब्ल्यूजीएस ८४नुसार आकडे देतो, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट एव्हरेस्ट विवृत्ताभावर आधारलेली आहेत. एका प्रोग्रामने रूपांतर केले आणि दुसऱ्याने केले नाही, तर ओढा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेला दिसतो.

उंचीतला फरक याहून मोठा असतो. मुंबई-पुणे परिसरात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग डब्ल्यूजीएस ८४च्या विवृत्ताभापेक्षा साठ मीटरहून अधिक खाली आहे. एखादा प्रोग्राम विवृत्ताभापासूनची उंची दाखवत असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहूनही ती उणे साठच्या घरात दिसेल. जीजीए वाक्यात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हा फरक असे दोन्ही आकडे स्वतंत्र रकान्यांत असतात, आणि जीपीएसडीही दोन्ही उंची वेगवेगळ्या नावांनी देतो. पुढे पाठवताना उंची कोणती आहे ते लिहिल्याशिवाय पाठवू नये.

नवा रिसिव्हर घेतला, पण जुने सॉफ्टवेअर काहीच दाखवत नाही. असे का?

प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला कोणती प्रणाली बोलत आहे ते सांगणारी दोन अक्षरे असतात. केवळ जीपीएस असेल तर 'जीपी', ग्लोनास असेल तर 'जीएल', गॅलिलिओसाठी 'जीए', नाविकसाठी 'जीआय', आणि अनेक प्रणालींच्या आधारे काढलेल्या स्थानासाठी 'जीएन'. जुने प्रोग्राम 'जीपी'ने सुरू होणारी वाक्येच वाचतात आणि 'जीएन' आले की दुर्लक्ष करतात. अनेक रिसिव्हरांत नेहमी 'जीपी' लिहिण्याची सेटिंग असते, आणि माहिती वाटणारे काही प्रोग्रामही पुढे पाठवताना ही अक्षरे बदलू शकतात. बदल केल्यास चेकसम नव्याने काढावा लागतो, हे स्वतः लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

दुरुस्तीची माहिती रिसिव्हरकडे पाठवायची असेल तर?

आतापर्यंतचे सर्व रिसिव्हरकडून प्रोग्रामकडे येणाऱ्या माहितीविषयी होते. काही सेंटिमीटरपर्यंतची अचूकता हवी असलेल्या आरटीकेच्या (स्थिर केंद्राच्या आधारे स्थानातील चूक तत्काळ सुधारण्याच्या) कामात उलट दिशेनेही वाहतूक असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांसारख्या स्थिर केंद्रांकडून इंटरनेटवर एनट्रिप पद्धतीने दुरुस्ती मिळते, आणि ती सिरीयल पोर्टमार्फतच रिसिव्हरला द्यायची असते. येथे शिस्त हवी. वाचणारे कितीही असोत, रिसिव्हरला लिहिणारा एकच असावा. दोन प्रोग्राम आपापल्या सोयीने सेटिंग बदलू लागले, तर एकाने चालू केलेले वाक्य दुसरा बंद करतो आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. आभासी पोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्याची मुभा एकाच पोर्टला द्यावी. जीपीएसडी स्वतःही काही रिसिव्हरांना आज्ञा पाठवतो. ते नको असल्यास केवळ वाचण्याचा पर्याय त्यात आहे.

दुरुस्ती खरोखर लागू झाली की नाही हे जीजीएच्या दर्जाच्या रकान्यावरून कळते. १ म्हणजे साधे फिक्स, २ म्हणजे भारताच्या गगनसारख्या उपग्रहाधारित किंवा अन्य विभेदी दुरुस्तीसह, ५ म्हणजे आरटीकेचे तरंगते (अजून पक्के न झालेले) समाधान आणि ४ म्हणजे आरटीकेचे पक्के समाधान. सीमांकनासारख्या कामात ४ पाहिल्याशिवाय बिंदू नोंदवू नये.

मोबाइल फोनचा जीपीएस लॅपटॉपला वापरता येईल का?

येईल. अँड्रॉइडवर फोनची एनएमईए वाक्ये टीसीपी किंवा यूडीपीने पाठवणारी ॲप मिळतात. नेटवर्कवरील एनएमईएसाठी १०११० हा पोर्ट क्रमांक नोंदवलेला आहे आणि ओपनसीपीएनसारखे प्रोग्राम तेथून थेट वाचतात. जीपीएसडीलाही असा नेटवर्कचा स्रोत देता येतो. यूडीपीने पाठवल्यास तीच माहिती नेटवर्कवरील अनेक संगणकांना एकदम मिळते, पण एखादे वाक्य हरवले तर ते पुन्हा येत नाही. सेकंदाला एक स्थान येत असताना हे चालण्यासारखे आहे.

यात सुरक्षेचा काही धोका आहे का?

आहे, आणि तो टाळणे सोपे आहे. एनएमईए आणि जीपीएसडी या दोन्ही मार्गांत पासवर्ड नाही आणि मजकूर उघडा असतो. म्हणूनच जीपीएसडी मुळात त्याच संगणकावरून आलेल्या विनंत्यांना उत्तर देतो. सर्व पत्त्यांवर ऐकण्याचा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तो दिला आणि लॅपटॉप हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायला जोडला, तर त्या जाळ्यावरील कोणालाही आपले स्थान सेकंदागणिक वाचता येते. दोन संगणकांत माहिती वाटायची असेल तर एसएसएचची कूटबद्ध जोडणी वापरावी किंवा फायरवॉलमध्ये ठरावीक पत्त्यालाच वाट द्यावी.

संगणकाचे घड्याळही याच माहितीवरून जुळवता येईल का?

क्रोनी किंवा एनटीपी हे घड्याळ जुळवणारे प्रोग्राम जीपीएसडीकडून सामायिक स्मृतीद्वारे वेळ घेऊ शकतात. नुसत्या यूएसबीवरच्या एनएमईए वाक्यांवर विसंबल्यास वेळ अनेक मिलिसेकंदांनी मागेपुढे होते, कारण वाक्य सेकंद उलटल्यानंतर केव्हा येईल ते निश्चित नसते. मायक्रोसेकंदांची अचूकता हवी असेल तर प्रत्येक सेकंदाला नेमका ठोका देणारी पीपीएसची तार असलेला रिसिव्हर आणि ती तार थेट जोडता येईल असा संगणक लागतो. जीपीएसची अंतर्गत वेळ १ जानेवारी २०१७पासून जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. रिसिव्हर हा फरक उपग्रहांकडून कळल्यावर वजा करतो, आणि थंड सुरुवातीनंतर, म्हणजे बराच काळ बंद असलेला रिसिव्हर चालू केल्यावर, ते कळायला काही मिनिटे लागू शकतात.

स्थान बरोबर, पण तारीख जवळपास वीस वर्षे मागची. हे कशामुळे?

जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजायला १० बिट वापरतो, म्हणून १०२४ आठवड्यांनी, म्हणजे साधारण १९.६ वर्षांनी, ही मोजणी शून्यावर येते. २१ ऑगस्ट १९९९ आणि ६ एप्रिल २०१९च्या अखेरीस असे घडले. जुना रिसिव्हर हे सावरू शकत नसेल तर तारीख चुकते. जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत याच मोजणीशी संबंधित वेगळा दोष होता, आणि त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी तारीख मार्च २००२वर जात असे, ३.२३ आवृत्तीत तो दूर झाला. जुन्या संगणकावर जीपीएसडी चालवत असाल तर आवृत्ती आधी पाहावी.

रिसिव्हर जोडून विंडोज सुरू केले की माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा धावतो. व्हायरस आहे का?

नाही. संगणक सुरू होत असतानाच रिसिव्हर बोलत असेल, तर विंडोज त्या अखंड प्रवाहाला जुन्या पद्धतीचा सिरीयल माउस समजते आणि एनएमईएच्या अक्षरांना माउसच्या हालचाली मानते. बाण उडतो, क्लिक आपोआप होतात, फाइलीही उघडतात. रिसिव्हर काढून संगणक सुरू करावा, मग तो जोडावा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत दिसणारा सिरीयल बॉलपॉइंट निष्क्रिय करावा. निष्क्रिय न करता तो यादीतून काढून टाकल्यास पुढच्या वेळी परत येतो. लिनक्सवर याच्या जवळचा प्रकार मोडेममॅनेजरमुळे होतो. तो नव्या पोर्टला मोडेम समजून आज्ञा पाठवतो आणि पहिली काही सेकंदे रिसिव्हर इतरांना मिळत नाही.

प्रत्येक वेळी पोर्टचे नाव बदलते. ते कायम कसे ठेवावे?

लिनक्सवर क्रमांकाच्या नावाऐवजी उपकरणाच्या ओळखीवरून तयार होणारा कायमचा दुवा वापरावा. विंडोजवर स्वतंत्र अनुक्रमांक नसलेला रिसिव्हर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की नवा कॉम क्रमांक घेतो, म्हणून खाच ठरवून ठेवावी.

ही सगळी मांडणी घरात बसून तपासता येते का?

येते, आणि प्रत्यक्ष कामाला निघण्यापूर्वी ती तशी तपासावीच. जीपीएसडीबरोबर येणाऱ्या जीपीएसपाइपने एकदा मोकळ्या आकाशाखालचा प्रवास कच्च्या वाक्यांसह फाइलमध्ये नोंदवून घ्यावा. पुढे जीपीएसफेक ती फाइल खरा रिसिव्हर बोलत असल्याप्रमाणे पुन्हा वाजवतो आणि सर्व प्रोग्राम त्यालाच जोडता येतात. नोंद करताना एखाद्या बोगद्यातून किंवा दाट इमारतींमधून मुद्दाम जावे, म्हणजे फिक्स हरवल्यावर प्रत्येक प्रोग्राम कसा वागतो ते टेबलावरच दिसते. विंडोजवर नोंदवलेली फाइल आभासी पोर्टवर ठरावीक वेगाने पाठवून हेच साधते. मात्र जुनी नोंद वाजवताना वेळही जुनीच असते, त्यामुळे संगणकाचे घड्याळ जीपीएसवरून जुळवणारी सेवा त्या काळापुरती बंद ठेवावी.